दुसऱ्या प्रतीकडे जाणारा रस्ता

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, मिरवणुकीहून आलेली माणसं गाढ झोपेत होती. त्या वेळी औसा तालुक्यातल्या किल्लारी परिसरात जमीन हादरली आणि दगडमातीच्या रुंद भिंती, वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. सरकारी आकड्यांनुसार आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

त्या पहाटेपर्यंत भारताच्या भूकंप नकाशात हा सगळा भाग पहिल्या झोनमध्ये होता, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. दख्खनचं पठार घट्ट आणि स्थिर आहे, अशीच समजूत होती. १९६७ च्या कोयना भूकंपानं तिला एक तडा दिला होता आणि तेव्हाही नकाशा सुधारावा लागला होता. किल्लारीनंतर २००२ साली भारतीय मानक ब्यूरोनं नवा नकाशा काढला. पहिला झोन कायमचा रद्द करून दुसऱ्यात मिसळला गेला आणि लातूरचा हा भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला. त्या नकाशात मुंबई आणि पुणेही तिसऱ्याच झोनमध्ये आहेत.

हा नकाशा फक्त घरं आणि पूल बांधणारे अभियंतेच बघतात असं नाही. बँका, शेअर बाजार, सरकारी खाती आपल्या डेटाची दुसरी प्रत कुठं ठेवायची हे ठरवताना तोच नकाशा समोर घेतात. सेबीचा शेअर बाजारांसाठी नियमच आहे: आपत्तीच्या वेळी कामाला येणारं केंद्र, ज्याला या क्षेत्रात सगळे डीआर साइट म्हणतात, ते शक्यतो वेगळ्या भूकंप झोनमध्ये असावं, ते जमत नसेल तर मुख्य केंद्रापासून किमान ५०० किलोमीटर दूर असावं. समजा १९९० साली मुंबईतल्या कुणी ‘वेगळा आणि सुरक्षित झोन’ म्हणून औसा निवडलं असतं, तर त्या वेळच्या नकाशानं त्याला बिनदिक्कत होकार दिला असता. २००२ चा नकाशा मात्र सांगतो की मुंबई आणि औसा एकाच झोनमध्ये आहेत.

दुसरी प्रत किती दूर आणि कुठल्या जमिनीवर असावी यावर भरपूर चर्चा होते, नियम होतात, अहवाल लिहिले जातात. त्या मानानं एका गोष्टीकडे फार कमी लक्ष जातं: मूळ प्रत आणि दुसरी प्रत यांच्यामधला रस्ता. तो रस्ता दोन प्रकारचा असतो. एक जमिनीतून जाणारा, काचेच्या तंतूंचा. दुसरा यंत्रांच्या स्मृतीत लिहिलेला, चार-दोन ओळींचा, ‘या पत्त्यावर जायचं असेल तर या दारानं बाहेर पडा’ असं सांगणारा. माझं ठाम मत आहे की दुसऱ्या प्रतीचा भरवसा तिच्या झोनइतकाच या दोन रस्त्यांवर अवलंबून असतो, आणि बहुतेक वेळा घोळ होतो तो या रस्त्यांतच.

आधी मुळात काय चालतं ते पाहू. औशातल्या एखाद्या बँकेच्या शाखेत कुणी पाच हजार रुपये भरले की ती नोंद शाखेतल्या संगणकात राहत नाही. ती दूरच्या डेटा सेंटरमधल्या स्टोरेजमध्ये जाते. स्टोरेज म्हणजे कपाटाएवढं यंत्र. त्यात डिस्कांच्या रांगा असतात आणि त्यांच्यावर कारभार करणारे सहसा दोन कंट्रोलर असतात, म्हणजे एक पडला तर दुसरा काम उचलतो. असंच दुसरं यंत्र दुसऱ्या गावात असतं. पहिल्यावर जे काही बदलतं ते दुसऱ्यावर आपोआप उतरवत राहणं म्हणजे रेप्लिकेशन. दर वेळी सगळा डेटा पाठवत नाहीत, जेवढं बदललं तेवढेच तुकडे जातात. ही कल्पना बाजारात स्थिरावली त्यात ईएमसी या अमेरिकन कंपनीच्या एसआरडीएफ या १९९४ मध्ये आलेल्या तंत्राचा मोठा वाटा आहे. किल्लारीच्या भूकंपाच्या पुढच्याच वर्षातली ही गोष्ट.

इथंच एक सांगून ठेवतो, कारण यात भले भले फसतात. रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य यंत्रावर कुणी चुकून फाइल पुसली तर तिकडची प्रतही तितक्याच इमानदारीनं पुसली जाते. जुन्या अवस्थेकडे परतायचं असेल तर ठरावीक वेळांचे स्नॅपशॉट आणि वेगळा बॅकअप हवाच.

रेप्लिकेशनचे दोन मार्ग आहेत. एकात, दुसऱ्या यंत्रानं ‘लिहून घेतलं’ असं कळवल्याशिवाय पहिलं यंत्र बँकेच्या सॉफ्टवेअरला ‘झालं’ असं म्हणतच नाही. याला सिंक्रोनस म्हणतात. यात एक पैचीही नोंद हरवत नाही, पण प्रत्येक नोंदीला जाण्यायेण्याचा वेळ मोजावा लागतो. दुसऱ्यात पहिलं यंत्र लगेच ‘झालं’ म्हणतं आणि बदल मागाहून, काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी पाठवतं. हे असिंक्रोनस. यात अपघात झालाच तर शेवटच्या काही मिनिटांचा डेटा जाऊ शकतो.

यांतलं कुठलं वापरायचं हे बऱ्याच अंशी प्रकाश ठरवतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. मुंबई ते औसा सरळ रेषेत ३९० किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन येऊन ७८०. केबल अगदी पतंगाच्या दोरीसारखी ताणून नेली तरी सुमारे चार मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल रस्त्याच्या कडेनं, वळणं घेत, गावोगावच्या यंत्रांतून जाते, त्यामुळे हा आकडा सहज दीडपट-दुप्पट होतो. सिंक्रोनस रेप्लिकेशनसाठी बहुतेक कंपन्या जाण्यायेण्याची मर्यादा पाच ते दहा मिलिसेकंद सांगतात. मुंबई-चेन्नई सरळ रेषेतच हजार किलोमीटरहून जास्त आहे, म्हणजे नुसत्या प्रकाशालाच दहा मिलिसेकंद. कितीही पैसे ओतले तरी हा वेळ कमी होत नाही.

म्हणून मोठ्या संस्था तीन जागा ठेवतात. मुख्य केंद्र, त्याच शहरात किंवा आसपास एक जवळचं केंद्र, जिथं सिंक्रोनस प्रत असते, आणि शेकडो किलोमीटरवर डीआर, जिथं असिंक्रोनस प्रत असते. शेअर बाजारांसाठी सेबीनं मार्च २०२१ मध्ये वेळाही कडक केल्या. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची, त्यानंतर ४५ मिनिटांत काम पुन्हा सुरू करायचं, आणि गेलाच तर १५ मिनिटांहून जास्त काळाचा डेटा जाता कामा नये. जवळच्या केंद्राचं काम हे की तेवढाही जाऊ नये.

आता यंत्रातल्या रस्त्याकडे येऊ. लातूरकडून उमरग्याला जाताना औसा सोडलं की लामजना पाटी लागते. आपल्याकडे जिथं रस्ते फुटतात त्या थांब्याला पाटीच म्हणतात. पाटीवर प्रत्येक गावाचा पूर्ण प्रवास लिहिलेला नसतो. या गावाला इकडे, त्या गावाला तिकडे, एवढंच असतं. राउटिंग टेबल ही तशीच पाटी. प्रत्येक यंत्राजवळ आपापली पाटी असते आणि तिच्यावर फक्त पुढचं वळण लिहिलेलं असतं. जे गाव पाटीवर नाही त्याच्यासाठी एकच सर्वसाधारण ओळ असते: बाकी सगळे या दिशेनं जा. तिला डिफॉल्ट रूट म्हणतात. आणि एखाद्या पत्त्यासाठी दोन ओळी लागू पडत असतील, तर जी जास्त नेमकी असेल ती चालते.

एक उदाहरण घेऊ. मुंबईतल्या स्टोरेजला तीन वेगवेगळे पोर्ट आहेत. १०.१०.१ नं सुरू होणारे पत्ते कारभारासाठी, म्हणजे अभियंता लॉगिन करून सेटिंग बघतो त्यासाठी. १०.१०.२ वाले सर्व्हरांना डेटा देण्यासाठी. १०.१०.३ वाले फक्त रेप्लिकेशनसाठी, आणि त्यावर दहा गिगाबिटची वेगळी लाइन घेतलेली. दूरच्या, समजा चेन्नईतल्या, यंत्राचे रेप्लिकेशनचे पत्ते १७२.१६.३ नं सुरू होतात. यंत्र पहिल्यांदा बसवताना अभियंत्यानं डिफॉल्ट रूट टाकला तो कारभाराच्या बाजूचा, १०.१०.१.१ कडे जाणारा. बहुतेक ठिकाणी असंच करतात, त्यात चूक काही नाही.

पण मग पुढं काय होतं? रेप्लिकेशनची जोडणी करताना दोन्ही यंत्रांची ओळख पटते, हिरवा दिवा लागतो, डेटा जायला लागतो. सगळे खूश. प्रत्यक्षात यंत्रानं पाटी वाचली, तिच्यावर १७२.१६.३ चा उल्लेख नाही, म्हणून सगळा माल डिफॉल्ट रूटनं, कारभाराच्या एक गिगाबिटच्या पोर्टमधून, ऑफिसच्या इतर वाहतुकीच्या गर्दीतून सोडला. महागडी दहा गिगाबिटची लाइन रिकामी पडून आहे. हा दोष लवकर दिसत नाही, कारण काहीच बंद पडलेलं नसतं. फक्त प्रत दर दिवशी थोडी थोडी मागं राहत जाते, आणि महिनाअखेरीला व्याज लावण्याचं मोठं काम निघालं की पंधरा मिनिटांचं अंतर सहा तासांवर जातं.

उपाय एका ओळीचा आहे: १७२.१६.३ च्या सगळ्या पत्त्यांसाठी १०.१०.३.१ या गेटवेकडे जा. याला स्टॅटिक रूट म्हणतात. हाताखालची मुलं ‘रूट टाकला का?’ एवढंच विचारतात. ही ओळ डिफॉल्टपेक्षा नेमकी असल्यानं तीच लागू होते. ओळ छोटी आहे, पण ती टाकताना चार ठिकाणी लक्ष द्यावं लागतं.

सर्वांत जास्त विसरलं जातं ते परत येणं. मुंबईच्या यंत्राला चेन्नईचा रस्ता कळला म्हणून चेन्नईच्या यंत्राला मुंबईचा कळत नाही. तिकडच्या पाटीवर १०.१०.३ ची ओळ वेगळी लिहावी लागते. ती नसेल तर जाणारा माल एका वाटेनं जातो आणि पोचपावती दुसऱ्याच वाटेनं येते. मधल्या फायरवॉलनं, म्हणजे ये-जा तपासणाऱ्या चौकीनं, संवादाची सुरुवात पाहिलेलीच नसते, म्हणून ते पोचपावत्या फेकून देतं. अशा वेळी दोन्हीकडचे अभियंते फोनवर एकमेकांना ‘माझ्याकडून जातंय’ असं सांगत बसतात, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

मग कंट्रोलर. ओळ एकाच कंट्रोलरवर टाकली आणि दुसरा कोरा राहिला, तर तो कोरेपणा कळतो तो पहिला कंट्रोलर पडल्यावरच, म्हणजे नेमक्या अडचणीच्या वेळी. काही यंत्रणांत तात्पुरती टाकलेली ओळ यंत्र पुन्हा सुरू होताच पुसली जाते, म्हणून ती कायम म्हणून साठवली आहे ना हे बघावं लागतं. आणि फायरवॉलमध्ये नेमके पोर्ट, म्हणजे इथं क्रमांक दिलेली दारं, उघडावे लागतात. नेटॲपच्या यंत्रांना रेप्लिकेशनसाठी ११,१०४ आणि ११,१०५ हे दोन क्रमांक लागतात. त्यांतला फक्त पहिलाच उघडला तर दोन यंत्रं एकमेकांना ओळखतात, पण डेटा हलत नाही.

पाकिटाच्या आकाराचा घोळ याहून चकवणारा. नेटवर्कवर डेटा तुकड्यांनी जातो आणि एका तुकड्याचा नेहमीचा कमाल आकार १,५०० बाइट असतो. स्टोरेजवाले वेगासाठी तो ९,००० करतात. दोन्ही टोकांना ९,००० लावलं, पण मधल्या कंपनीची लाइन १,५०० चीच असेल, तर मोठे तुकडे मध्येच गळतात. गंमत अशी की साधा पिंग, म्हणजे ‘पोचतंय का?’ विचारणारा चाचणीचा तुकडा, जातो, कारण तो छोटा असतो. लॉगिन होतं, ओळख पटते, आणि खरा डेटा सुरू झाला की सगळं गोठतं. मधलं यंत्र ‘तुकडा मोठा आहे’ असं उलट कळवतं, पण तो निरोपही अनेकदा एखादं अतिसावध फायरवॉल अडवतं. म्हणून जाणता अभियंता साधा पिंग करून समाधान मानत नाही. तो ८,९७२ बाइटचा पिंग पाठवतो, आणि ‘वाटेत तोडू नका’ अशी खूण करून पाठवतो. ९,००० मधून शीर्षकांचे २८ बाइट वजा केले की हा आकडा येतो. १,५०० च्या लाइनसाठी तो १,४७२ होतो. मधे व्हीपीएनचा बोगदा असेल तर त्याची स्वतःची शीर्षकं आणखी जागा खातात, आणि १,४७२ चा पिंगही जात नाही. तेव्हा आकडा उतरवत उतरवत खरी मर्यादा शोधायची आणि दोन्ही टोकांना तीच लावायची. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यानं कितीतरी रात्री वाचतात.

वेगाचंही असंच. लाइन एक गिगाबिटची घेतली म्हणून डेटा एक गिगाबिटनं जाईलच असं नाही. पाठवणारं यंत्र पोचपावती येईपर्यंत ठरावीक डेटाच बाहेर सोडतं. जुन्या पद्धतीत ही मर्यादा ६४ किलोबाइट होती. जाण्यायेण्याला २० मिलिसेकंद लागत असतील तर ६४ किलोबाइटच्या हिशेबानं सेकंदाला फक्त २६ मेगाबिट जातात, मग लाइन कितीही रुंद असो. ही मर्यादा वाढवायची सोय १९९२ पासून इंटरनेटच्या नियमांत आहे, पण मधलं एखादं जुनं यंत्र ती काढून टाकतं, आणि ग्राहक लाइन देणाऱ्या कंपनीशी भांडत बसतो.

लाइन घेण्याआधीचा हिशेब मात्र कुणालाही कागदावर करता येतो. दिवसाला एक टेराबाइट डेटा बदलत असेल आणि लाइन १०० मेगाबिटची असेल, तर तो पाठवायला ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून जास्त लागतात. दिवसाचं काम दिवसात जेमतेम संपतं, आणि लाइन दोन तास बंद पडली की बाकी दुसऱ्या दिवसावर जाते. सुरुवातीचा सगळा डेटा ५० टेराबाइट असेल तर त्याच लाइननं तो पाठवायला ४६ दिवस. म्हणून पहिली प्रत करताना दोन्ही यंत्रं एकाच खोलीत शेजारी ठेवतात, तारेनं जोडतात, सगळं भरून घेतात आणि मग एक यंत्र गाडीत घालून डीआरच्या गावाला नेतात. हा मार्ग उत्तम आहे. पण तिकडं गेल्यावर त्या यंत्राचे पत्ते बदलतात, आणि शेजारी असताना ज्या रूटची गरजच नव्हती तो आता दोन्हीकडे टाकावा लागतो. कामाच्या यादीत ही ओळ आधीच नसेल, तर यंत्र पोचतं, चालू होतं आणि मुंबईची वाट बघत बसतं.

आता जमिनीतला रस्ता. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, बंद पडला. दिवसभर गुंतवणूकदार हवालदिल होते. अखेर दुपारी पावणेचार ते पाच अशी जादा वेळ देऊन व्यवहार झाले. एनएसईनं नंतर दिलेल्या खुलाशातली साखळी वाचण्यासारखी आहे. मुंबईतलं मुख्य केंद्र आणि जवळचं केंद्र यांच्यात दोन वेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या अनेक लिंक होत्या. त्या दिवशी दोन्ही कंपन्यांच्या लिंक अस्थिर झाल्या. कारण सांगितलं गेलं ते त्या वाटेवर चाललेल्या खोदकामाचं आणि बांधकामाचं. लिंक गेल्यावर खरं तर मुख्य केंद्रातलं स्टोरेज एकटं चालू राहायला हवं होतं. पण स्टोरेजच्या जाळ्यानं अनपेक्षित वर्तन केलं आणि मुख्य स्टोरेजच सर्व्हरांना दिसेनासं झालं. त्यावर चालणारी जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली, आणि ती नसताना व्यवहार चालू ठेवणं शक्य नव्हतं. चेन्नईत डीआर असूनही त्या दिवशी काम तिकडं हललं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात सेबीचे कडक वेळांचे नियम आले.

या एका घटनेत आपल्या विषयाचं सगळं सार आहे. प्रती होत्या, कंपन्या दोन होत्या, लिंक अनेक होत्या. कागदावर काहीच कमी नव्हतं. दोन कंपन्यांची बिलं वेगळी आली म्हणून त्यांच्या केबल वेगळ्या खड्ड्यांतून जातात असं होत नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १८ जुलै २००१ ला एका रेल्वे बोगद्यात मालगाडीला आग लागली, तेव्हाही हेच दिसलं होतं. अनेक कंपन्यांच्या फायबर केबल त्याच एका बोगद्यातून नेलेल्या होत्या, आणि त्या जळाल्यावर दूरदूरच्या शहरांचं इंटरनेट मंदावलं.

आपल्या भागाचा विचार करून पाहा. औशाहून मुंबईला दोन लिंक घ्यायच्या आहेत. एक तुळजापूर-सोलापूरच्या रस्त्यानं जाणारी घेतली, दुसरी लातूरहून कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या कडेची घेतली. नकाशावर दोन रेषा दिसतात आणि मन शांत होतं. पण पुण्याच्या पुढं काय? देशावरून मुंबईत उतरायला घाट मोजकेच आहेत. दोन्ही केबल बोरघाटातूनच उतरत असतील, तर एका दरडीत दोन्ही जाऊ शकतात. खरी वेगळी वाट हवी तर एक लिंक अहिल्यानगर-नाशिककडून कसाऱ्यानं उतरणारी हवी. शक्य असेल तिथं एक केबल जमिनीखालची आणि दुसरी उच्चदाबाच्या विजेच्या टॉवरवरून जाणारी घ्यावी. पॉवरग्रिडच्या टॉवरांवर सर्वांत वरच्या संरक्षक तारेच्या पोटात फायबर असतं. तिथं जेसीबीचा दात पोचत नाही. लिंक विकणाऱ्याकडे केबलच्या पूर्ण मार्गाचा नकाशा मागावा, आणि तो करारात जोडून घ्यावा. कारण वर्षभरानं कंपनी स्वतःच्या सोयीनं मार्ग बदलते आणि ग्राहकाला कळतही नाही.

दोन लिंक आल्या की यंत्रातल्या पाटीचा प्रश्न पुन्हा येतो. हातानं टाकलेल्या स्टॅटिक रूटला फक्त आपल्या दारासमोरची तार दिसते. केबल शंभर किलोमीटरवर तुटली आणि समोरच्या राउटरची तार शाबूत असली, तर रूट जागचा हलत नाही आणि माल तुटलेल्या वाटेकडेच सोडत राहतो. म्हणून स्टोरेजवर स्टॅटिक रूट ठेवून पुढच्या राउटरांमध्ये बीजीपीसारखी, आपसात बोलून वाट बदलणारी व्यवस्था लावतात. तिलाही नुसतं लावून भागत नाही. बीजीपीच्या प्रचलित सेटिंगमध्ये शेजारी मेला आहे हे ठरवायला तीन मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो. सिंक्रोनस रेप्लिकेशनला तीन मिनिटं म्हणजे युग. त्यासाठी बीएफडी नावाची, सेकंदाच्या आत ‘आहेस का?’ विचारणारी जोड द्यावी लागते.

आणि सगळ्याच वाटा तुटल्या तर? तेव्हा प्रत्येक यंत्राला एकच गोष्ट कळते: पलीकडून उत्तर येत नाही. पलीकडचं यंत्र मेलं आहे की मधला रस्ता, हे दोघांपैकी एकालाही एकट्यानं सांगता येत नाही. दोघांनी स्वतःला मुख्य समजून लिहायला सुरुवात केली तर एकाच खात्याचे दोन वेगवेगळे शिल्लक आकडे तयार होतात, आणि ते जुळवणं महाकठीण असतं. म्हणून तिसऱ्या ठिकाणी एक छोटा साक्षीदार ठेवतात. ज्याला साक्षीदार कौल देतो तो पुढं चालतो, दुसरा थांबतो. या साक्षीदाराकडे जाणारा रस्ता पहिल्या दोघांच्या रस्त्यापेक्षा वेगळा हवा. अनेक ठिकाणी तो त्याच लिंकवरून, त्याच राउटरमधून नेलेला आढळतो. मग लिंक गेली की साक्षीदारही दिसेनासा होतो, आणि सुरक्षिततेचा नियम म्हणून दोन्ही यंत्रं एकदम थांबतात.

हे सगळं बरोबर लागलं आहे की नाही, हे कळायचा एकच मार्ग आहे: ठरवून तोडून बघणं. शनिवारी रात्री, सगळ्यांना कळवून, एक लिंक काढायची आणि डेटा दुसरीवरून जातो का ते पोर्टवरच्या आकड्यांत बघायचं, नुसत्या हिरव्या दिव्यावर विसंबायचं नाही. मग दुसरी काढायची. मग एक कंट्रोलर बंद करायचा. २ मार्च २०२४ हा शनिवार होता आणि त्या दिवशी एनएसई व बीएसईनं खास सत्र ठेवलं. सकाळचे व्यवहार मुख्य केंद्रातून झाले, मधे खंड घेतला आणि नंतरचे व्यवहार डीआर केंद्रातून, खऱ्या पैशांचे, खऱ्या ग्राहकांचे. तसंच सत्र त्याच वर्षी १८ मे रोजीही झालं. अशा सरावात रेप्लिकेशनची दिशाही उलटते. काम डीआरवर गेलं की तीच प्रत मूळ होते आणि बदल मुंबईकडे वाहायला लागतात. त्या उलट दिशेचे रूट, फायरवॉलचे नियम, लाइनची रुंदी हे सगळं आधी तयार हवं, नाहीतर जाणं जमतं आणि परतणं अडतं.

तालुक्याच्या पातळीवरच्या सहकारी बँका आणि पतसंस्था स्वतःचं डेटा सेंटर सहसा चालवत नाहीत. सॉफ्टवेअर देणारी कंपनीच ते सांभाळते. तरी संचालक मंडळाला विचारता येतील असे प्रश्न आहेत, आणि ते वार्षिक सभेच्या आधी नव्हे तर करारावर सही करण्याआधी विचारायला हवेत. दुसरी प्रत कुठल्या गावात, कुठल्या भूकंप झोनमध्ये आहे? आत्ता या क्षणी ती किती मिनिटं मागं आहे, हे आम्हाला आमच्या स्क्रीनवर दिसेल का? दोन लिंकच्या केबलचे नकाशे कुठं आहेत? शेवटचा सराव कोणत्या तारखेला झाला, त्यात डीआरवरून खरे व्यवहार किती वेळ चालले, आणि परत येताना काय अडलं? शेवटच्या प्रश्नाला ‘काहीच अडलं नाही’ असं उत्तर आलं, तर सरावाचा लेखी अहवाल मागून घ्यावा आणि त्यात दोन्ही बाजूंच्या राउटिंग टेबलची छापील प्रत जोडलेली आहे का ते बघावं.